आईचे गुडघे, चिनी सुया आणि वॉरफरिन

सागरगोटे | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आले आहे.

आई सध्या आमच्याकडे सिंगापूरला आहे. वय ७१, मूळची गडहिंग्लजची. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलंय की पुढेमागे सांधा बदलावा लागेल, पण घाई नाही. शिवाय तिला एट्रियल फिब्रिलेशन आहे, हृदयाचे ठोके अनियमित पडतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज वॉरफरिन चालू. त्यामुळे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या बंद, पॅरासिटामॉलवर भागवायचं. जिना उतरताना कठडा धरून आडवी होऊन एकेक पायरी उतरते, ते बघवत नाही.

शेजारी एक चिनी आजी राहतात. त्यांना मराठी येत नाही, आईला मँडरिन येत नाही, तरी रोज संध्याकाळी दोघी लिफ्टसमोरच्या बाकावर बसलेल्या असतात. त्यांनीच आईला आपल्या नेहमीच्या चिनी वैद्यांकडे नेलं. सिंगापुरात चिनी वैद्यकासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, वैद्यांची नोंदणी होते आणि नाव ऑनलाइन तपासता येतं. मी तपासलं, नोंदणी आहे. त्यांनी आईची जीभ पाहिली, दोन्ही हातांच्या नाड्या बराच वेळ धरल्या. झोप, भूक, शौच, पाय गार पडतात का, पावसाळी हवेत दुखणं वाढतं का, सगळं त्या आजींच्या नातीमार्फत विचारलं. आई खूश. "इतकं सविस्तर मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," म्हणाली. सल्ला असा: आठवड्यातून दोनदा सुया (ॲक्युपंक्चर), आणि सोबत गरम पाण्यात कालवून घ्यायची पूड.

मी दोन्ही थांबवून ठेवलंय. नवरा म्हणतो सुया घेऊ दे, पुडी नको. आई म्हणते, झाडपाल्याचंच औषध ते, त्याने काय होणार. तिला "सोस" असंही सांगवत नाही आणि वॉरफरिन चालू असताना प्रयोगही करायचे नाहीत. कुणाला माहिती, अनुभव असेल तर कृपया लिहा.

निशिगंध | सोमवार, रात्री १०:०५

वाचतेय. सासूबाईंचा अगदी हाच प्रश्न आहे, फक्त आम्ही नाशिकला.

भूलतज्ज्ञ_नागपूर | मंगळवार, सकाळी ६:१५

सागरगोटे, तुमच्या यजमानांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या ते उत्तम केलं. सुया हा एक निर्णय, पुडी हा दुसरा. चिनी वैद्यक म्हणून दोन्ही एका गाठोड्यात येतं आणि लोक एकतर सगळं घेतात नाहीतर सगळं नाकारतात. मी वेदना-चिकित्सेच्या ओपीडीत बसतो, म्हणून सुयांबद्दल लिहितो.

सुयांवरचा सगळ्यात मोठा अभ्यास जर्मनीत झाला. २००७ साली कंबरदुखीचे निकाल छापून आले. ११६२ रुग्ण, तीन गट. एका गटाला चिनी पद्धतीच्या नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना पुरेसा आराम होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के. म्हणजे बिंदू नेमका कोणता याने जवळपास फरक पडला नाही, पण सुया घेणारे दोन्ही गट नेहमीच्या उपचारांच्या बरेच पुढे होते. हा निकाल ज्याला जसा हवा तसा वाचतो, म्हणून तिन्ही आकडे एकत्र देतोय.

पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून विश्लेषण झालं. कंबर, मान, खांदा, डोकेदुखी आणि गुडघे. खोट्या, म्हणजे तुलनेसाठी दिखाव्यापुरत्या सुयांपेक्षा खऱ्या सुया थोड्या सरस, काहीच न करण्यापेक्षा बऱ्याच सरस, आणि वर्षभराने त्या फायद्यात साधारण १५ टक्केच घट.

आता गुडघ्यांपुरतं. इंग्लंडची नाइस ही संस्था २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हणते की सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना २०१९ मध्ये म्हणते की गुडघ्यासाठी द्यायला हरकत नाही, पण शिफारस सौम्य. जर्मनीत सरकारी विमा त्याचे पैसे भरतो. तिघांसमोर साधारण तेच पुरावे आहेत. "खोट्या सुईपेक्षा किती सरस?" असं विचारलं तर उत्तर तोकडं येतं, "रुग्णाला बरं वाटलं का?" असं विचारलं तर उत्तर बरं येतं.

तुमच्या आईंच्या बाबतीत माझं पारडं सुयांकडे झुकतं, कारण त्यांना दुखण्याच्या गोळ्यांचा रस्ताच बंद आहे. वॉरफरिन चालू असताना बारीक सुया टोचता येतात, अटी अशा की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ठरलेल्या मर्यादेत हवा, टोचणाऱ्याला वॉरफरिनची कल्पना हवी, सुई काढल्यावर कापसाने नीट दाबून धरायला हवं आणि खोल टोचणं टाळायला हवं. कपिंग म्हणजे पेले लावून कातडी ओढतात ते, आणि पाठीवर घासतात तो प्रकार, दोन्ही नको. वॉरफरिनवर माणूस काळानिळा होतो त्याने. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

पश्चिमघाट | मंगळवार, सकाळी ८:३०

उत्तम प्रतिसाद डॉक्टर. पण चीनमध्ये तर भूल न देता नुसत्या सुयांवर ऑपरेशनं करतात ना? मग गुडघेदुखी काय चीज आहे.

भूलतज्ज्ञ_नागपूर | मंगळवार, दुपारी १:५०

पश्चिमघाट, हा समज एका घटनेतून फार पसरला, म्हणून थोडं लांबण लावतो. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ऑपरेशन नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं. नंतरच्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा सुया टोचल्या आणि दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या वाळक्या पानांचा शेक दिला. त्यांना आराम पडला, त्यांनी ते लिहिलं. पुढच्याच वर्षी निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुयांची लाट आली. सांगोवांगी होता होता "सुयांवर अपेंडिक्स काढलं" असं झालं.

सुयांनी शरीरात काहीच घडत नाही असं मात्र नाही. पेकिंगचे हान जीशेंग १९६५ पासून यावर काम करत होते. सुयांना जोडलेल्या विजेचा वेग २ हर्ट्झ ठेवला तर मेंदू आणि मज्जारज्जूत एका प्रकारची नैसर्गिक वेदनाशामकं सुटतात, १०० हर्ट्झ ठेवला तर दुसऱ्या प्रकारची, हे त्यांनी दाखवलं. अफूचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं की सुयांचा आराम कमी होतो हेही सत्तरच्या दशकात दिसलं. दुखणं कमी होणं आणि पोट फाडताना काहीच न जाणवणं यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझ्या टेबलावरच्या रुग्णाला मी नुसत्या सुयांवर कधीही ठेवणार नाही.

ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर एक बिंदू आहे. त्यावर भरपूर चाचण्या झाल्यात आणि निकाल चांगले आहेत. तिथे नुसतं दाबूनही फरक पडतो.

औषधपेटी | मंगळवार, दुपारी ३:२०

मी फार्मासिस्ट. सागरगोटे, पुडीवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून त्या नातीकडून वाचून घ्याल का? नाव कळल्याशिवाय "घ्या" किंवा "नको" काहीही बोलणं बरोबर नाही. आणि तोवर चिमूटभरही देऊ नका, आईंनी कितीही आग्रह केला तरी.

सागरगोटे | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. नातीने वाचून दिलं. कृतीचं नाव दुहुओ जीशेंग तांग. १५ घटक आहेत. तिने नावंही शोधून दिली: दुहुओ, सांगजीशेंग, दूझोंग, निऊशी, शीशिन, चिनजिआओ, फूलिंग, दालचिनी, फांगफेंग, च्वानशिओंग, जिनसेंग, ज्येष्ठमध, दांगग्वी, पांढरा पिओनी, दीहुआंग.

औषधपेटी | मंगळवार, रात्री १०:३०

ही कंबर-गुडघ्यांसाठीची चिनी वैद्यकातली सगळ्यात प्रसिद्ध कृती. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमिआओ यांच्या ग्रंथातली. वैद्यांनी काही भलतंसलतं दिलेलं नाही, त्यांच्या शास्त्राप्रमाणे अगदी पाठ्यपुस्तकी औषध आहे. निऊशी म्हणजे गणपतीच्या पत्रीत आपण वाहतो त्या आघाड्याची सख्खी बहीण.

तरीही तुमच्या आईंना ही पुडी मुळीच देऊ नये, आणि त्याची कारणं यादीतच आहेत. दांगग्वीने वॉरफरिनचा जोर वाढून आयएनआर वर गेल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. जिनसेंगने उलट आयएनआर खाली येऊ शकतो, म्हणजे गुठळीचा धोका. एकाच पुडीत दोन्ही! कोण वरचढ ठरेल ते आधी सांगता येत नाही. ज्येष्ठमध रोज आणि जास्त पोटात गेला तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ज्यांचे ठोके आधीच अनियमित त्यांना पोटॅशियम उतरणं फार वाईट. आणि शीशिन ही ॲरिस्टोलोकियाच्या कुळातली वनस्पती आहे, या कुळावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये बायकांना गोळ्यांतून चिनी वनस्पती दिल्या जात होत्या. त्यात स्टेफानिया नावाची एक वनस्पती अपेक्षित होती. चिनी भाषेत दोघींची नावं जवळजवळ सारखी असल्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकींना डायलिसिस लागलं, प्रत्यारोपण करावं लागलं. पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. त्या आजारी नव्हत्या हो, चार किलो वजन उतरावं म्हणून गेलेल्या धडधाकट बायका होत्या. शीशिनमध्ये ॲरिस्टोलोकियातलं ते घातक ॲसिड (ॲरिस्टोलोकिक ॲसिड) फार कमी असतं आणि मूळ वापरायचं की पानं, यावर नियम झालेत, पण ७१ व्या वर्षी मूत्रपिंडांवर ही जोखीम कशाला घ्या? आपल्याकडची सापसण याच कुळातली, तेव्हा हे फक्त चिनी औषधांपुरतं नाही. बचनाग चिनी वैद्यकातही आहे, आयुर्वेदातही आहे, आणि नीट शोधन झालं नाही तर दोन्हीकडे तो हृदयाचे ठोके बिघडवतो.

अजून एक गोष्ट, विशेषतः निशिगंध तुमच्यासाठी. "गुडघेदुखीवर रामबाण, शंभर टक्के वनस्पती" अशा कॅप्सूलांनी दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर संशय घ्या. त्यात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. सिंगापूरचं औषध नियंत्रण खातं अशा उत्पादनांबद्दल पुन्हा पुन्हा इशारे देतं, आणि आपल्याकडच्या निनावी चूर्णांतही हे सापडतं.

तर्काधार | बुधवार, सकाळी ९:१०

डॉक्टरांचे आकडे वाचले. ४७.६ आणि ४४.२. मग प्रश्न पडतो की बिंदू, वाहिन्या, शरीरात खेळणारी ऊर्जा, हे सगळं शिकवायचं कशाला? भलतीकडे टोचूनही तेवढाच गुण येत असेल तर तो सुईचा नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. सामान्य माणूस सरकारी मान्यतेचा अर्थ "हे सिद्ध झालंय" असाच घेतो. उद्या हाच माणूस छातीत दुखतंय म्हणून सुया टोचायला जाईल. माझ्या जवळच्या नात्यात स्तनाच्या गाठीवर एका ठिकाणी वर्षभर फक्त काढे आणि लेप चालले. जेव्हा रुग्णालयात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली. त्यामुळे "घ्यायला काय हरकत आहे" हे वाक्य मला ऐकवत नाही.

२०१८ साली अमेरिकेत आकडेवारी आली होती. बरा होण्यासारखा कर्करोग असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

औषधपेटी | बुधवार, सकाळी ९:४०

तर्काधार, फार वाईट वाटलं वाचून. तुमचा मुद्दा सगळ्यांनी वाचावा असा आहे.

नीलिमा_दादर | बुधवार, दुपारी २:१५

मी दादरला ॲक्युपंक्चर करते, राज्य परिषदेकडे माझी नोंदणी आहे. तर्काधार, तुमच्या घरी जे घडलं त्याबद्दल सांत्वनाचे शब्द माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे रोज जे लोक येतात त्यातल्या काहींना मी सुई न लावता परत पाठवते, ते का, एवढं सांगते.

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, तसं रुग्णालयात. एकाच पोटरीला अचानक सूज आली आणि दुखतंय, तर गुठळीची शंका, लगेच डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी). कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेली, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे, दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि विनाकारण उतरणारं वजन, छातीत दुखणं, कुठलीही नवी गाठ, या कशालाच मी हात लावत नाही. पहिल्या भेटीत चालू औषधांची यादी आणि रिपोर्ट मागते. जो सुईवाला हे मागत नाही त्याच्याकडे जाऊ नका, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत.

सागरगोटे, गुडघ्याला काय करतात ते सांगते म्हणजे आईंना भीती वाटणार नाही. सुई केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे असतात तिथे, वाटीखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला, मांडीवर वाटीच्या वर आतल्या बाजूला, आणि पोटरीच्या वरच्या टोकाला आतून-बाहेरून. टोचताना मुंगी चावल्याएवढं, मग जडपणा किंवा झिणझिण. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी जाऊ नये, काहींना घेरी येते. सुया प्रत्येक वेळी नव्या, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या हव्यात. त्यात तडजोड नाही. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात खोल टोचून फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्यात. विरळा आहेत, पण आहेत. गुडघ्यात ती भीती नाही.

पाच-सहा वेळा घेऊन काहीच फरक जाणवला नाही तर थांबावं. मी स्वतः थांबवते.

भूलतज्ज्ञ_नागपूर | बुधवार, रात्री ११:००

तर्काधार, बिंदूंच्या सिद्धान्ताबद्दल तुमच्याशी सहमत आहे. चाचण्यांतून त्याला आधार फार थोडा मिळतो. पण एक बघा, त्या जर्मन चाचणीतली खोटी सुई हीसुद्धा कातडीत शिरलेली सुई आहे. साखरेच्या गोळीइतकी ती निष्क्रिय नाही. शिवाय कुणीतरी अर्धा तास शांतपणे पाय हातात घेऊन बसणं, याचाही जुनाट दुखण्यावर परिणाम होतो. त्याला कमी लेखू नये असं मला वाटतं. आमच्या ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही ही आमची उणीव आहे, रुग्णाची नाही. तुमची दुसरी चिंता, की मान्यतेमुळे माणूस गंभीर आजारातही तिकडे जाईल, ती मात्र शंभर टक्के खरी. म्हणून नीलिमाताईंसारखे लोक हवेत.

इझारकाठ | गुरुवार, पहाटे २:३०

म्यूनिखहून. डॉक्टरांनी जर्मनीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. त्या चाचण्यांनंतर २००६ मध्ये इथे निर्णय झाला आणि जुनाट कंबरदुखी व गुडघ्यांची झीज या दोनच तक्रारींसाठी सरकारी आरोग्य विमा सुयांचे पैसे देऊ लागला. साधारण दहा वेळा, गरज पटवून दिली तर पंधरापर्यंत. दुखणं आधी किमान सहा महिने असायला हवं. डोकेदुखीला मात्र नाही, त्यासाठी खिशातून. आणि मुख्य म्हणजे हे फक्त एमबीबीएससारखी पदवी असलेल्या डॉक्टरांनी, वर सुयांचं वेगळं प्रशिक्षण घेऊनच करायचं. त्यामुळे माझ्या कंबरेला सुया लावणाऱ्या बाईंनीच एमआरआय वाचला, त्यांनीच व्यायाम लिहून दिला. एकाच फाइलमध्ये सगळं. वनौषधी विमा देत नाही.

सोलापुरी_चादर | गुरुवार, सकाळी १०:२०

या धाग्यावर आमच्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं नाव यायलाच हवं. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. नागपूरचे चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. पथकातले आणखी एक, कोलकात्याचे बिजयकुमार बसू परत आले. ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात सुरू केलं. भारतात सुया आल्या त्या अशा, ॲलोपॅथीच्या डॉक्टरच्या हातातून. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच कायदा केला त्याची पाळंमुळं तिथे आहेत. युद्धात औषधं संपलेली असताना जे हाताशी आहे त्यातून माणसाला आराम कसा द्यायचा, हे त्या पथकाने पाहिलं होतं.

पश्चिमघाट | गुरुवार, दुपारी १२:००

सोलापुरी_चादर, सुंदर माहिती. वाचनखूण साठवली.

औषधपेटी, तुम्ही चिनी वनस्पतींचे धोके सांगितलेत ते पटले. पण मलेरियाचं औषध त्यातूनच आलं ना?

औषधपेटी | गुरुवार, दुपारी ४:४०

हो, आणि ती माझ्या आवडीची गोष्ट आहे. १९६७ मध्ये चीन सरकारने मलेरियावर गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यातल्या संशोधक तू यूयू यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळा आणि रस प्या. उकळा असं म्हटलंच नव्हतं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने औषध मरत असावं. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो उंदरांत, माकडांत चालला. माणसांना देण्याआधी तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज गडचिरोलीत फाल्सिपॅरम मलेरियाच्या रुग्णाला ज्या गोळ्या मिळतात त्यात याच घटकाचं रूप असतं.

पण बघा, रुग्णाला छिंगहाओची पुडी मिळत नाही. नेमका घटक, नेमके मिलिग्रॅम, दुसऱ्या औषधाच्या जोडीने मिळतो. वनस्पतीत औषध असतं म्हणूनच तिच्याबद्दल इतकं जपून बोलावं लागतं. ज्यात काहीच नसतं त्याचा अपायही नसतो.

सागरगोटे | शनिवार, सकाळी ११:१५

तुम्हा सगळ्यांमुळे मी नीट तयारीने गेले. आधी इथल्या जीपींकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडे. आयएनआर २.४ आला, म्हणजे मर्यादेत. त्यांनी सुयांना होकार दिला, कपिंगला नाही म्हणाले, आणि पुडी घ्यायची नाही असं कागदावर लिहून दिलं. मग तो कागद आणि औषधांची यादी घेऊन वैद्यांकडे. मला धाकधूक होती की त्यांचा अपमान होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी यादी दोनदा वाचली, वॉरफरिनवर बोट ठेवलं, पुडी स्वतःच्या हाताने परत घेतली आणि नातीला सांगितलं की ही गोळी पहिल्याच दिवशी कळली असती तर त्यांनी पुडी सुचवलीच नसती. आईला पुडी गेल्याची हळहळ वाटली. मी तिला औषधपेटी यांचा आघाड्याचा उल्लेख वाचून दाखवला, तेव्हा म्हणाली, "अगं मग ते वाहायचं, खायचं कशाला."

सुया सुरू झाल्यात. गुण येतो का ते सांगायला अजून लवकर आहे.

हलतेचालते | शनिवार, दुपारी ३:००

फिजिओथेरपिस्ट म्हणून एक कळकळीची विनंती. सुयांनी दुखणं थोडं कमी झालं की त्याच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, नंतर खुर्चीतून हात न टेकता उठणं. झिजलेल्या गुडघ्यांसाठी व्यायाम आणि वजन कमी करणं यांच्यामागे जितका भक्कम पुरावा आहे तितका इतर कशालाच नाही. दुखत असताना लोक व्यायाम करत नाहीत, आणि दुखणं थांबलं की गरज वाटत नाही. तुमच्या हातात मधले काही आठवडे आहेत, ते वाया घालवू नका. आणि शेजारच्या आजींनाही सोबत घ्या, दोघी मिळून करतील.

मोरपीस७ | रविवार, रात्री ८:५०

पहिल्यांदाच लिहितेय. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं पूर्ण झालं. आता कर्करोग परतू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू आहे, पाच वर्षं घ्यायचंय. त्याने सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे-घोटे असे धरतात की कित्येकदा गोळी बंद करावीशी वाटते. सुया चालतील का? की माझ्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये?

भूलतज्ज्ञ_नागपूर | रविवार, रात्री १०:१०

मोरपीस७, गोळी स्वतःहून बंद करू नका, कृपया. लेट्रोझोलच्या गटातल्या औषधांनी सांधे दुखणं फार सर्रास आहे, आणि नेमक्या याच तक्रारीसाठी सुयांचा अभ्यास झालाय. २०१८ मध्ये अमेरिकेत २२६ स्त्रियांवर चाचणी झाली. खऱ्या सुया घेणाऱ्यांचं दुखणं खोट्या सुयांपेक्षा आणि नुसतं थांबणाऱ्यांपेक्षा कमी झालं. फरक फार मोठा नव्हता, पण होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चर सुचवावं असं मार्गदर्शनात लिहिलं. तेव्हा तुम्ही त्या वाटेला जरूर जाऊ शकता, तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना सांगून.

तर्काधार | रविवार, रात्री १०:३५

मोरपीस७, तुम्ही सगळे उपचार पूर्ण केलेत हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरांशी सहमत. लेट्रोझोल चालू ठेवून सुया, याला माझा अजिबात विरोध नाही.

नीलिमा_दादर | सोमवार, सकाळी ७:५५

मोरपीस७, कर्करोगतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं त्यांच्याकडून लिहून घ्या. रक्ताची तपासणी ताजी आहे का, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत का. काखेतल्या गाठी कोणत्या बाजूच्या काढल्या, त्या हातात सूज येण्याची भीती असते म्हणून तिथे मी सुई लावत नाही. आणि हाडांची घनता तपासली आहे का, कारण या गोळीने हाडंही ठिसूळ होतात आणि प्रत्येक दुखणं सांध्याचंच असेल असं नाही. एखाद्या हाडात एकाच जागी, रात्रंदिवस दुखत असेल तर सुयांआधी त्यांना तेच सांगा. काढा, पूड, गोळी कुणी दिली तर घेऊ नका, औषधपेटी यांनी वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे. मुंबईत असाल आणि माझ्याकडे यायचं ठरलं, तर ते पत्र सोबत आणा. ते वाचूनच सुरू करू.